नायकाच्या मनातले गावकूस

दलित कथेतल्या माणसांना अंतर्मन नसते, त्यांचा झगडा सारा बाहेरचा असतो, असा आक्षेप प्रस्थापित समीक्षेने फार पूर्वी घेतला. चर्चासत्रांतून तो अजूनही अधूनमधून डोके वर काढतो. या आक्षेपाला आपण आजवर दोन उत्तरे देत आलो. पहिले असे की, ज्याच्या घराला आग लागली आहे त्याला मनातल्या मनात तळमळत बसायला सवड नसते. दुसरे असे की, पांढरपेशा नवकथेतला मनाचा गुंता हा पोट भरलेल्या माणसाचा गुंता आहे आणि तो आमच्या कथेचा मानदंड होऊ शकत नाही. ही दोन्ही उत्तरे त्या त्या वेळी आवश्यक होती आणि मीही ती वर्गात अनेकदा दिली आहेत. परंतु आता मला असे वाटू लागले आहे की, या दोन्ही उत्तरांत आपण मूळ आक्षेप मान्यच करून टाकतो. 'होय, आमच्या माणसांच्या आत काही चालत नाही' असे आपणच कबूल करतो आणि मग त्याची कारणे सांगत बसतो. ही कबुली खोटी आहे, हे मला या लेखात मांडायचे आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. जिथे शिकवतो तिथून अंबाजोगाईची मुकुंदराजाची समाधी लांब नाही. पण माझ्या वर्गातल्या बहुसंख्य मुलांचा जन्म ज्या कोप्यांवर झाला, त्या कोप्यांचा मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पत्ता नाही. दसरा उलटला की आमच्याकडच्या वाड्या, तांडे, वस्त्या ओस पडू लागतात. उचल घेतलेली माणसे बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. त्या पोरांतलीच काही पुढे माझ्या वर्गात येतात आणि वार्षिकांकासाठी कथा लिहितात.

या कथा मी अनेक वर्षे वाचतो आहे. त्यांतला मुकादम दुष्ट असतो, कामगार सोशिक असतो, त्याची मुलगी हुशार असते. मुकादम मुलीची शाळा सोडवतो, बाप रडतो, शेवटी मुलगी मूठ आवळून उभी राहते. अशा कथांना मी बक्षिसे दिली. लेखकाची बाजू खरी होती म्हणून कथाही खरी आहे, असे मी समजत होतो.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीची अशीच कथा आली. धाकट्या बहिणीची आठवीतून शाळा सुटते आणि मुकादम तिला बळजबरीने फडात नेतो, अशी ती कथा. लिहिणाऱ्या मुलीला मी सहज विचारले, "हे तुझ्या घरचे का?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, मुकादमानं बळजबरी नव्हती केली."

खरी हकिकत अशी होती. मोळी घेऊन फळीवरून चढताना बाप पडला आणि त्याचा हात निकामी झाला. आमच्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायको असे दोघे. बापाचा हात गेला तेव्हा कोयता अर्धा झाला. पण उचल अर्धी झाली नाही. ती फिटायची तर आईला दुसरे माणूस पाहिजे होते. घरात दोन मुली. मोठी बारावीत, धाकटी आठवीत. एका रात्री आईने अंधारातच विचारले, "कोण येतंय माझ्यासंगं?" मोठी जागी होती. तिने झोपेचे सोंग घेतले. धाकटी म्हणाली, "मी येते." मोठी बारावी पास झाली आणि माझ्या वर्गात आली.

मी म्हणालो, "हे का नाही लिहिलेस?"

"असं लिव्हलं तर लोक म्हनतील, मायच वाईट. न्हाय तर म्हनतील, मीच वाईट. मग मुकादम सुटतो की, सर."

तिचा हा शेवटचा प्रश्न आपल्या सगळ्या चळवळीच्या साहित्याचा प्रश्न आहे असे मला वाटते. आतला झगडा लिहिला तर बाहेरचा गुन्हेगार सुटतो का? या भीतीपोटीच आपण माणसांना सपाट करतो. पण जरा नीट पाहू. तिने लिहिलेल्या कथेतला मुकादम वाईट आहे, म्हणून तो बदलला की प्रश्न संपतो. तिने सांगितलेल्या हकिकतीत मात्र मुकादम हजरच नाही. तिथे उचल आहे, अर्धा कोयता आहे आणि एका आईवर आलेली वेळ आहे की दोन लेकरांतून एक निवडावे. ज्या व्यवस्थेत आईलाच आपल्या लेकराचा मुकादम व्हावे लागते, ती व्यवस्था कोणत्याही दुष्ट माणसापेक्षा भयंकर आहे. आतला झगडा लिहिल्याने गुन्हेगार सुटत नाही. तो घरात कुठवर शिरला आहे ते दिसते.

यातच अंतःसंघर्षाचे सारे मर्म आहे. एका बाजूला चांगले आणि दुसऱ्या बाजूला वाईट असेल तर माणसाला निवड करावी लागते, पण झगडावे लागत नाही. झगडा तेव्हा सुरू होतो जेव्हा दोन्ही बाजूंना काहीतरी खरे असते आणि एक धरले की दुसरे सुटणारच असते. त्या मोठ्या मुलीचे शिकणेही खरे आहे आणि धाकटीवरची मायाही खरी आहे. तिच्या निवडीची किंमत तिने दिलेली नाही, बहिणीने दिली आहे. आणि हे तिला ठाऊक आहे. ठाऊक असणे महत्त्वाचे. नकळत झालेल्या चुकीतून दुःख निर्माण होते. कळून उमजून केलेल्या गोष्टीतून माणूस निर्माण होतो.

आपल्या कथेला हे नवीन आहे काय? मुळीच नाही. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. त्याची शीर्षककथा आपण सगळे विद्रोहाची कथा म्हणून शिकवतो. पण ती कशामुळे उभी राहते हे पाहत नाही. नोकरीसाठी परमुलखात गेलेला तरुण जात लपवतो. त्याच ठिकाणी काशिनाथ सकपाळ नावाचा दुसरा दलित कामगार आहे. तो जात लपवत नाही आणि त्याचे भोग उघडपणे भोगतो. बागुलांना केवळ अत्याचार दाखवायचा असता तर एक काशिनाथ पुरे होता. त्यांनी निवेदक केला तो जात चोरणारा. काशिनाथचा अपमान होताना त्याला पाहत उभे राहावे लागते. त्याच्या बाजूने उभे राहावे तर भाकरी जाते, न राहावे तर माणूसपण जाते. शिवाय त्याच्या कवितेवर जीव टाकणारा सवर्ण मित्र त्याला घरी जेवायला बोलावतो. त्या प्रेमात खोटे काही नाही. पण ते प्रेम ज्याच्यावर आहे तो माणूस जात लपवून बसला आहे. शेवटी मारहाण होते ती बाहेरून. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तो आतून मार खातो आहे. म्हणून शेवटी त्याला सोडवायला तोच काशिनाथ धावून येतो, तेव्हा वाचकाच्या छातीत कळ येते. आतल्या झगड्याशिवाय तो प्रसंग केवळ मारामारीचा झाला असता.

त्याच संग्रहातल्या 'विद्रोह' या कथेतला शिकलेला मुलगा बापाशी भांडतो, कारण बापाला वाटते की त्याने पिढीजात सफाईचे काम पत्करावे. बाप वैरी नाही. बापाचे म्हणणे पोटाचे आहे, मुलाचे स्वाभिमानाचे आहे, आणि दोन्ही एकाच झोपडीत राहतात. बंधुमाधवांच्या 'विषारी भाकरी'त पाटलाला उलट उत्तर देणारा नातू आणि त्या उत्तराची माफी मागून शिळे तुकडे घरी आणणारा आजा, हे दोघे समोरासमोर येतात. आजा भित्रा आहे असे म्हणून चालणार नाही. घरातली तोंडे त्याने मोजलेली आहेत. बागुलांच्याच 'आई' या कथेत तर मुलासाठी राबणारी विधवा आई आणि तिच्यातली बाई यांचे भांडण आहे, आणि ते लिहिताना लेखकाने आईला देव्हाऱ्यात बसवले नाही. १९७८ साली आलेल्या 'बलुतं'मध्ये दया पवारांनी दगडू मारुती पवारला वेगळा उभा केला. तो आपली कर्मकहाणी सांगतो आणि शिकलेला, शहरात वावरणारा दुसरा पवार ती ऐकतो. एकाच माणसाचे असे दोन तुकडे करणे ही लेखनाची हौस नव्हती. शिक्षणाने त्याचे खरोखरच दोन तुकडे केले होते.

तेव्हा आमच्या माणसांना अंतर्मन नाही हे साफ खोटे आहे. खरे तर ते आमच्याच माणसांना अधिक आहे, आणि याचे कारण बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या ग्रंथात त्यांनी बजावले की, जात ही पाडून टाकता येणाऱ्या बांधकामासारखी गोष्ट नसून ती मनात वसलेली धारणा आहे. जातिव्यवस्था ही श्रेणीबद्ध विषमता आहे, हेही त्यांनी वारंवार सांगितले. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणी आहे आणि पायाखालीही कोणी आहे. याचा कथालेखकाने घ्यायचा अर्थ असा की, या समाजातल्या प्रत्येक माणसाच्या आत एक दबलेला आणि एक दाबणारा असे दोघे शेजारी राहतात. आमच्याकडचा मुकादमच घ्या. तो अनेकदा त्याच तांड्यातला, त्याच वस्तीतला, काल कोयता धरणारा असतो. टोळीची उचल कारखान्याकडून तो आपल्या नावावर घेतो. माणसे पळाली तर त्याचे घर बुडते. तो जुलूम करतो हे खरे आणि तो भितो हेही खरे. त्याची भीती लिहिली म्हणून जुलूम माफ होत नाही. उलट जुलूम कसा चालतो ते कळते. गावकूस गावाभोवती असते तसे ते मनातही असते, आणि कथेला खरे काम तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. राज्य शासनाने २०१९ साली नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यावर मोर्चे निघाले, बातम्या आल्या. ते योग्यच झाले. पण कथा? आकडा आपल्याला एवढेच सांगतो की हे घडले. पंचविशी-तिशीची बाई दवाखान्याच्या बाकावर बसून जेव्हा हो म्हणते, तेव्हा तिच्या मनात काय उभे असते? पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर कापला जाणारा पैसा, फडात आडोसा नसणे, डॉक्टरने घातलेली भीती, दोन लेकरे झालीच आहेत हा हिशेब, सासूचे मत, आणि या सगळ्याखाली आपल्याच देहातले काहीतरी कायमचे जाणार याची न बोललेली हुरहुर. तिला केवळ बळी म्हणून रंगवले तर तिच्या 'हो'चा आपण अपमान करतो. तिने स्वखुशीने केले असे म्हटले तर व्यवस्थेची वकिली होते. या दोहोंच्या मधल्या जागेत जो लेखक उभा राहील त्यालाच ती बाई दिसेल.

आता मला स्वतःविषयी लिहिले पाहिजे. नोकरी लागल्यावर मी तालुक्याच्या गावी खोली शोधत होतो. घरमालकाने आडनाव विचारले. मी गावाच्या नावावरून केलेले आडनाव सांगितले. ते खोटे नव्हते, पण ज्या हेतूने सांगितले तो हेतू चोराचा होता. खोली मिळाली. तिथे मी दोन वर्षे राहिलो. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत कपड्यांखाली होती. त्याच दोन वर्षांत मी वर्गात 'जेव्हा मी जात चोरली होती' शिकवली. एका पोराने विचारले, "सर, तुमच्यावर कधी आलती का अशी वेळ?" मी म्हणालो, "आपण कथेवर बोलू." आणि निवेदकाच्या मनोविश्लेषणावर तास संपवला.

त्या मुलीने झोपेचे सोंग घेतले आणि मीही घेतले. फरक एवढाच की तिने मला सांगितले आणि मी पोरांना सांगितले नाही. म्हणून तिच्या कथेला मी यंदा बक्षीस देऊ शकलो नाही आणि ती परतही करू शकलो नाही. मी तिला म्हणालो, "दुसऱ्यांदा लिही. मुकादम असू दे, पण ती रात्रही असू दे." ती म्हणाली, "बहिणीला विचारून लिहीन." हे उत्तर माझ्या सगळ्या समीक्षेपेक्षा मोठे होते.

यात धोका नाही असे नाही. 'सगळ्यांचेच थोडे चुकते' असे म्हणत जुलूम करणारा आणि सोसणारा यांना एका पारड्यात बसवणारे लेखन बाजारात पुष्कळ आहे. माणसाच्या गुंत्याच्या नावाखाली तिथे न्यायाचा प्रश्न गुंडाळून ठेवला जातो. आपल्याला ते नको आहे. कोणाची बाजू घ्यायची हे आपले ठरलेले आहे आणि ते ठरलेलेच राहणार. पण बाजू ठरली म्हणजे माणूस कळला असे होत नाही. चळवळीतल्या माणसालाही रात्री झोप येत नाही, त्यालाही घरच्यांना फसवल्यासारखे वाटते, तोही कधी कधी माघारी फिरावे म्हणतो. हे लिहिले तर चळवळ दुबळी होते, असे ज्यांना वाटते त्यांनी चळवळीतल्या माणसांवर पुरेसा विश्वास टाकलेला नाही.

नव्या लिहिणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे. तुमच्या कथेतल्या शत्रूला ओळखा, त्याला नाव द्या, सोडू नका. पण जी गोष्ट लिहिताना तुमचा हात थांबतो, आईला काय वाटेल म्हणून, वस्तीला काय वाटेल म्हणून, ती गोष्ट खोडू नका. ज्याच्याविषयी आहे त्याला विचारा आणि लिहा. मीही माझ्या वर्गात त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे ठरवले आहे. तो पोरगा आता पास होऊन गेला. पण प्रश्न दर वर्षी नव्या बाकावर येऊन बसतो.