बडबडगीतांची मुळे

'रिंगा रिंगा रोझेस' हे गाणे १६६५ सालच्या लंडनमधील प्लेगचे. त्यातील फुले म्हणजे अंगावरचे चट्टे आणि शेवटचे खाली पडणे म्हणजे मरण, असे आपल्याकडील सुशिक्षित पालकही मोठ्या विश्वासाने सांगतात. वस्तुतः इंग्लंडमध्ये हे गाणे छापील रूपात आले ते १८८१ साली, केट ग्रीनअवेच्या पुस्तकात. प्लेगचा अर्थ त्याला चिकटला तो आणखी पुष्कळ काळाने, दुसऱ्या महायुद्धानंतर. बालगीतांचे साक्षेपी अभ्यासक आयोना व पीटर ओपी यांनी तो मानला नाही. मुलांना गाण्याचे मूळ जरूर सांगावे, पण ते खरे असावे. भीतीची फोडणी दिली म्हणजे गाणे खोल होते, हा समज मला मान्य नाही.

'ये रे ये रे पावसा' घ्या. पावसाला लाच द्यायची आणि तीही खोट्या नाण्याची! काही सोज्ज्वळ मंडळींना हे खटकते. मला मात्र त्यातला खट्याळपणाच प्रिय आहे. निसर्गाशी इतकी सलगी करणारे मूल देवाशीही मोकळेपणाने बोलेल. अडचण आहे ती पैशाची. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनात राहिली नाहीत. निगडीच्या किंवा भोसरीच्या बालवाडीतील मुलाने पैसा पाहिलेलाच नाही. तेथे अर्थ सांगावा लागतो, आणि एक जुने नाणे हातावर ठेवले की तो सांगूनही होतो.

बडबडगीताचे सख्खे भावंड म्हणजे जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारतीय झालेले गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. दळणाऱ्या आईच्या मांडीवर निजलेले बाळ शब्द कळण्याआधी जात्याची लय ऐकत असे. आज त्याच पट्ट्यात कारखान्यांच्या पाळ्या चालतात आणि जात्याची जागा गिरणीने घेतली आहे.

आपल्या कुटुंबांचा पेच निराळाच. नोकरीनिमित्त येथे आलेल्या वसईच्या आजीची गाणी कादोडीत, गोव्याच्या आजीची कोंकणीत. शाळेतील मराठी बडबडगीतही अशा नातवंडाला काहीसे पाहुणेच. म्हणून आजीचे गाणे 'अशुद्ध' ठरवून गप्प करणाऱ्या सूनबाईंना एवढेच विचारावेसे वाटते, की ते त्यांनी कधी लिहून घेतले आहे का?