भूप एक, पट्ट्या अनेक

एप्रिल २०२० मध्ये सिंगापुरात सर्किट ब्रेकर, म्हणजे टाळेबंदी, लागला आणि आपल्या संस्थेचे गाण्याचे वर्ग घराघरांतल्या पडद्यांवर गेले. तेव्हाची धावपळ सभासदांना नव्याने सांगायला नको. पडद्यावर ठेका आणि गाणं जुळेना, म्हणून गाणं शिकवणाऱ्या काकूंनी बंदिशी रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली. वर्ग पुन्हा सेरंगूनला भरू लागले, तरी ते काम थांबलं नाही.

काकूंच्या चिकाटीला तोड नाही. भूपातली एकच बंदिश, पण मुलांसाठी काळी पाचच्या पट्टीत, आजोबा मंडळींसाठी काळी एकमध्ये, भजनी गटासाठी सावकाश, एकेक ओळ दोनदा म्हणून. गांधर्व मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्यांना आलाप-ताना वेगळ्या. तबल्याचे दादा रात्र रात्र जागून ठेके तयार करतात. अशी माणसं आपल्याला लाभली हे भाग्यच.

देवनागरी न वाचणाऱ्या मुलांसाठी आता स्वर रोमन अक्षरांत दिले जातात. सोय आहे, पण मन खट्टू होतं. देवनागरी लिपीसोबत कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ ओळखीची झाली की भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं मुलांना स्वतः वाचता येतील. रोमनवरच थांबली, तर तो खजिना त्यांना कधीच मिळणार नाही.

गेल्या गणेशोत्सवात सगळे गट भूपाची तीच बंदिश एकत्र गायले. पट्टी काळी तीन. स्थायी आजोबांची, तार षड्जाकडे जाणारा अंतरा मुलांचा. तबल्यावर पंधरा वर्षांचा मुलगा. त्याचा सगळा सराव रेकॉर्ड केलेल्या ठेक्यावर झालेला. दुसऱ्या आवर्तनात आजोबांना दम पुरेना. मुलाने मान वर केली, त्यांच्या ओठांकडे पाहत लय अगदी किंचित उतरवली आणि सगळ्यांना अलगद समेवर आणलं. पुढे अंतऱ्याला मुलांचा आवाज लागला तशी लय पुन्हा चढवली. रेकॉर्ड केलेला ठेका कोणासाठी थांबत नाही. गाणाऱ्यांसाठी असं थांबणं त्याला कोणी शिकवलं असेल, तर समोर बसून गाणाऱ्या माणसांनीच.

असं समोर बसून शिकणं टिकवता येतं. सिंगापुरात १९४९ पासून इंडियन फाइन आर्ट्स सोसायटी उभी आहे. कला परदेशात पिढ्यान् पिढ्या टिकते, हे आपण रोज पाहतो. आपल्याकडे मात्र पीएसएलईचं, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेचं, वर्ष आलं की आधी गाणं सुटतं. पालकांनो, आठवड्याचा एक तास तेवढा कापू नका. आणि महिन्यातला एक रविवार सगळ्या गटांनी फोन बाजूला ठेवून, तबला-पेटी घेऊन एकत्र बसावं, अशी कार्यकारिणीला कळकळीची विनंती.