पैकीच्या पैकी

आयुष्यात मला पैकीच्या पैकी गुण कधी मिळाले नव्हते. बी. कॉम.ला अकौंटन्सीत बेचाळीस पडले तेव्हा पेढे वाटावेत की माझा कान धरावा, हा निर्णय वडिलांनी रात्रीच्या जेवणापर्यंत लांबणीवर टाकला होता. असा मी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, 'सायबर सुरक्षा आणि ग्राहकजागृती' या विषयात शंभरपैकी शंभर गुण मिळवून उत्तीर्ण झालो. प्रमाणपत्रही आले. त्यावर माझे आडनाव चुकले आहे, पण गुण बरोबर आहेत. मोठ्या उमेदीने सौ.ला दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे तुम्हांला कळलं म्हणायचं!" आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेली.

या गुणांची कहाणी सांगण्याआधी, हे ऑनलाइन प्रशिक्षण असते कसे, ते न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. (ज्यांनी पाहिले आहे त्यांनी हा भाग खुशाल ओलांडून पुढे जावे. मला तशी सोय नव्हती.)

पूर्वी बँकेत प्रशिक्षण म्हटले की माणूस बॅग भरायचा. चार दिवस परगावी राहणे, सकाळी पोहे, अकराला चहा-बिस्किटे, आणि दुपारी जेवणानंतर 'ग्राहकसेवा' या विषयावरचे व्याख्यान. हे व्याख्यान दुपारीच का ठेवत असत ते मला आजवर कळलेले नाही, कारण त्या वेळी कुणीच जागे नसे. तेव्हाच्या प्रशिक्षणाने आम्ही फार शहाणे होत होतो, असे म्हणण्याचा माझा मुळीच इरादा नाही. एकच मास्तर लक्षात राहिले. ते स्वतः ग्राहक व्हायचे, खोटी सही करून चेक पुढे सरकवायचे आणि आपल्याला फसवून दाखवायचे. वर्गात सगळ्यांदेखत फसलेला माणूस ती सही जन्मात विसरत नाही. मीही विसरलेलो नाही.

आता प्रशिक्षण संगणकात आले आहे. बॅग भरायला नको आणि पोहेही नकोत. आमच्या शाखेत ते दुपारी, काउंटरवरची गर्दी ओसरल्यावर पाहायचे असते. आणि आमची शाखा एस. टी. स्टँडसमोर असल्यामुळे गर्दी ओसरते ती थेट शटर पडल्यावर. पडद्यावर काचेच्या इमारतीत कोट-टाय घातलेला एक गोरागोमटा कार्टून तरुण उभा असतो. त्याच्या टेबलावर एक फूलदाणी आणि एकच कागद. दोऱ्याला बांधलेले पेन नाही, 'साहेब, माझं पासबुक तेवढं आधी भरा' म्हणून काचेतून हात घालणारी आजी नाही, सर्व्हर डाऊन नाही. नाट्यपरीक्षणाच्या भाषेत बोलायचे तर नेपथ्य देखणे, पण ज्या नाटकाचे म्हणून सांगतात त्या नाटकाचे नव्हे.

मग एक बाई बोलू लागतात. पडद्यावर जे छापले आहे तेच, शब्दाला शब्द, बालवाडीतल्या मुलाला समजावे इतक्या सावकाश वाचून दाखवतात. आपण चार सेकंदांत वाचून मोकळे होतो आणि उरलेली छत्तीस सेकंदे बाईंची वाट पाहतो, कारण त्यांचे वाचून होईपर्यंत 'पुढे जा' हे बटण करडे असते. ते कितीही वेळा दाबले तरी काही होत नाही. मी दाबून पाहिले आहे. माझी भाची मानसशास्त्रात एम. ए. करते. तिने मला सांगितले की रिचर्ड मायर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर रीतसर प्रयोगच केले आहेत. चित्र दाखवून तोंडाने समजावले तर माणूस जास्त शिकतो. तेच शब्द पुन्हा चित्रावर छापले की कमी शिकतो. म्हणजे आमची बँक दुप्पट खर्च करून निम्मे शिकवते. अकौंटन्सीत बेचाळीस पडलेल्या माणसालाही हा व्यवहार आतबट्ट्याचा दिसतो.

शेवटी परीक्षा. नमुन्यादाखल एक प्रश्न देतो. 'ग्राहक घाबरलेला दिसल्यास आपण काय करावे? (अ) त्याच्यावर ओरडावे (ब) दुर्लक्ष करावे (क) जेवायला निघून जावे (ड) त्याला योग्य ते मार्गदर्शन करावे.' आता (ड) हे उत्तर यायला बँकेत एकवीस वर्षे नोकरी करावी लागत नाही. आमच्या शाखेबाहेरच्या केळीवाल्यालाही येईल. पण 'योग्य ते मार्गदर्शन' म्हणजे नेमके काय? तोंड उघडून पहिले वाक्य कोणते बोलायचे? त्यावर एक अक्षर नाही. त्याऐवजी लाल अक्षरांत एक सूचना: 'सतर्क राहा.' बुटक्या माणसाला 'उंच व्हा' म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

तरीही कुणाचे चुकलेच, तर पुन्हा परीक्षा देता येते. तोवर उत्तरे व्हॉट्सॲपवर आलेली असतात : ड, ड, ब, ड, वरील सर्व. झोनल ऑफिसकडून दर शुक्रवारी यादी येते. पूर्ण केलेले हिरव्यात, राहिलेले लाल रंगात. आमच्या शाखेत सगळे हिरवे होते, हेड कॅशियर मॅडम सोडून. त्यांची अकरा प्रशिक्षणे बाकी. मॅनेजरसाहेब त्यांना म्हणायचे, "मॅडम, तुमच्यामुळे शाखेची टक्केवारी पडते हो!" त्यावर मॅडम नोटा मोजता मोजता "कॅश टॅली झाली की बघते" म्हणायच्या. कॅश रोज टॅली व्हायची. बघणे राहून जायचे.

माझे शंभर गुण मंगळवारचे. गुरुवारी सर आले.

सर म्हणजे इथल्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गणित शिकवले आणि उरलेल्या निम्म्यांना छडी दाखवली. चार लाख ऐंशी हजारांची मुदतठेव मोडायची होती आणि रक्कम आर. टी. जी. एस.ने पाठवायची होती. "मुलीच्या फ्लॅटसाठी," न विचारताच म्हणाले. मी माझे कर्तव्य केले. "सर, मुदत संपायला चारच महिने राहिलेत, आत्ता मोडली तर एक टक्का दंड बसेल," असे बजावले. त्यांनी मान हलवली. मी फॉर्म पुढे केला, नोंद केली. साहेबांनी पास केली. साहेबांनाही शंभरपैकी शंभरच होते. एक टक्क्यासाठी मी त्यांना सावध केले आणि शंभर टक्के माझ्या हाताने पाठवून दिले.

सोमवारी सर पुन्हा आले. आता सहा लाखांची ठेव. मी फॉर्म काढतच होतो, इतक्यात मॅडम कॅश केबिनमधून बाहेर आल्या. मागून त्यांनी सांगितले ते एवढेच, की सर दर वेळी त्यांच्या मुलाच्या गणिताची चौकशी करतात, आणि त्या दिवशी त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. शिवाय त्यांचा हात सारखा शर्टाच्या खिशावर. मॅडम मोठ्याने म्हणाल्या, "सर, नेट गेलंय, पंधरा मिनिटं लागतील. तोवर चहा घ्या." (नेट उत्तम चालू होते. बँकेच्या इतिहासात नेट गेल्याची खोटी बातमी एवढ्या सत्कारणी लागल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.) साहेबांच्या केबिनमध्ये बसवून त्यांनी सरांचा फोन हळूच काढून टेबलावर पालथा घातला आणि कागदावर लिहून विचारले, 'कोण आहे?'

सर रडले. सत्तरी ओलांडलेला, छडीवाला माणूस.

पाच दिवस तो फोन चालू होता. गणवेशातला एक 'अधिकारी' व्हिडिओवर बसलेला. तुमच्या आधार कार्डावर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला आहे, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, घरात कुणाशी बोलायचे नाही, पैसे चौकशीपुरते 'सरकारी खात्यात' भरा, बँकेत विचारले तर मुलीच्या फ्लॅटसाठी म्हणून सांगा. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगितले होते. आमच्या प्रशिक्षणातही ते आहे, सतरावी स्लाइड. मला तिची व्याख्या त्या गुरुवारीही पाठ होती. पण सर काही गळ्यात 'मी सतरावी स्लाइड' अशी पाटी अडकवून आले नव्हते.

आम्ही १९३० या हेल्पलाइनला फोन केला, पोर्टलवर तक्रार नोंदवली. सहा लाख वाचले. आधीच्या रकमेतला थोडासा भाग कुठल्याशा खात्यात गोठवलेला सापडला. बाकीची वाट सर अजून पाहत आहेत. त्या शुक्रवारी झोनल ऑफिसची यादी नेहमीप्रमाणे आली. मी हिरवा. मॅडम लाल.

कॉमर्स शिकलेल्यांना तेरीज आठवत असेल. इंग्रजीत ट्रायल बॅलन्स. नावे आणि जमा दोन्ही बाजू जुळल्या की पोर आनंदाने उड्या मारते. मग आमचे प्राध्यापक विचारायचे, "जुळली ना? पण एखादा व्यवहार मुळात लिहिलाच नसेल, तर?" तरीही तेरीज जुळते, पैशापर्यंत जुळते. वगळलेली नोंद तेरजेत कधीच दिसत नाही. आमच्या प्रशिक्षणाच्या शंभर टक्के पूर्ततेचे तसेच आहे. कोणी किती स्लाइडा पाहिल्या, किती मिनिटे, किती गुण, सगळे जुळते. काउंटरवर त्या माणसाने काय केले, ही नोंद वहीत करायलाच रकाना नाही.

भाचीने यावर आणखी एक अमेरिकन काढला. डोनाल्ड कर्कपॅट्रिक. प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या या गृहस्थांनी १९५९ साली मांडल्या : लोकांना आवडले का, ते काही शिकले का, त्यांचे काम बदलले का, संस्थेला त्याचा उपयोग झाला का. आमच्या बँकेने पहिल्या पायरीच्याही खाली खणून एक तळघर बांधले आहे, 'पूर्ण केले का?' आणि मुक्काम तिथेच.

टीका करणे सोपे. तुम्ही काय केले असते ते सांगा, असे कुणी म्हणेल. सांगतो. आमच्या त्या खोटी सही करणाऱ्या मास्तरांना मी संगणकात बसवले असते. कोट-टायवाला नको. एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर येतात, हात खिशावर, 'मुलीच्या फ्लॅटसाठी' म्हणतात. खाली चार वाक्ये. चारही सभ्य, चारही आपण रोज बोलतो ती. त्यातले 'एक टक्का दंड बसेल' हे निवडले तर 'चूक' असा शिक्का नको. पैसे जाताना दिसावेत, सोमवार उजाडलेला दिसावा. दहा मिनिटांचा खेळ, मराठीत. आणि तो एकदा दाखवून प्रमाणपत्र देऊ नये. आठ दिवसांनी दुसरे गृहस्थ पाठवावेत, महिन्याने तिसरे, तेही न सांगता. एबिंगहाउस नावाचा जर्मन माणूस निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करत बसे. पाठ केलेले सुरुवातीलाच भराभर विसरले जाते, हे त्याने १८८५ साली लिहून ठेवले आहे. आमचे मात्र मार्चअखेरीस एकाच दुपारी सात विषय. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. पण आठवड्याने पाहिले तर वाचून झाल्यावर स्वतः आठवून लिहिणारे पुढे होते. गंमत अशी, की आमची बँकही परीक्षा घेतेच. फक्त त्या पाच मिनिटांतच घेते.

हे सगळे मी दोन पानांत लिहून रीतसर वरिष्ठांकडे पाठवले. उत्तर आठवड्यात आले, म्हणजे बँकेच्या मानाने तारेने आले. माझ्या नावावर 'परिणामकारक सूचना कशा कराव्यात' हे पंचेचाळीस मिनिटांचे प्रशिक्षण जमा झाले होते. ते मी पूर्ण केले. पैकीच्या पैकी.

दरम्यान मी एक चिठ्ठी लिहून काउंटरच्या काचेखाली सरकवली होती, मोठी रक्कम निघाली की नजरेला पडावी म्हणून. ज्यांना पैसे पाठवताय त्यांना प्रत्यक्ष भेटलात का? बँकेत काय सांगायचं, हे कुणी शिकवलंय का? घरात कुणाला ठाऊक आहे का? तीनच प्रश्न.

परवा सर पासबुक भरायला आले. आता येतात, बसतात, मॅडमच्या मुलाचे गणित विचारतात. माझ्या शंभर गुणांची गोष्ट मी त्यांना, जरा खाली मान घालूनच, सांगितली.

"शंभर? सगळ्या वर्गाला?"

"हो सर. मॅडम सोडून."

"मग पेपर काढणाऱ्याला नापास करायला हवं होतं," सर म्हणाले. चाळीस वर्षे पेपर काढलेला माणूस. मग काचेवर वाकून त्यांनी चिठ्ठी उलटीकडून, एकेक अक्षर लावत वाचली.

"प्रश्न बरे आहेत. पण तू मला हे तोंडानं विचारले असतेस, तर तिन्ही उत्तरं खोटी दिली असती."

"का सर?"

"अरे, तो ऐकत होता ना! खिशात."

माझ्या हे ध्यानातच आले नव्हते. सरांनी दोऱ्याचे पेन ओढून घेतले आणि पावतीच्या पाठीवर, फळ्यावर लिहितात तशा ठळक अक्षरांत लिहिले : 'फोन चालू असेल तर बोलू नका. नुसती मान हलवा.' "हे वर घाल. आणि चिठ्ठी फिरव. माझ्याकडून सुलटी दिसली पाहिजे. तुला दिसून काय उपयोग?"

मी काच उचलली.