सेवाग्रामची कुटी आणि इव्हान इलिच : एक चिकित्सा

जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेच्या उद्घाटनप्रसंगी इव्हान इलिच यांनी बापूंच्या कुटीचा संदेश उलगडून दाखविणारे भाषण केले. साध्या निवासाच्या समर्थनार्थ त्याचा आधार आजही घेतला जातो. दरम्यान कोडगू, वायनाड येथील जुन्या कॉफीच्या मळ्यांवर, पर्जन्यवनाच्या सान्निध्यात, पर्यावरणपूरक विश्रामस्थळे उभी राहिली. माती, बांबू आणि कौले यांचीच भाषा तीही बोलतात. अशा वेळी इलिच यांचे विवेचन कोठे टिकते आणि कोठे अपुरे पडते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

इलिच यांचे सामर्थ्य निरीक्षणात आहे. कुटीत त्यांना सुमारे सात प्रकारच्या जागा दिसतात. प्रवेशाशी पादत्राणे उतरवून मन सिद्ध करण्याची जागा, मधली खोली, कामाची बैठक, पाहुण्याची खोली, आजाऱ्याची खोली, ओसरी आणि प्रशस्त स्नानगृह. सामान ठेवण्याची वास्तू आणि माणसाने राहण्याचे घर यांत त्यांनी केलेला भेदही मार्मिक आहे. मात्र आजाऱ्याच्या खोलीपाशी त्यांनी अधिक थांबावयास हवे होते. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्रींना आश्रमात आश्रय मिळाला आणि गांधीजींनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली. विश्रामस्थळाच्या कल्पनेत अशा खोलीला स्थानच नसते.

भाषणाचे खरे न्यून निराळे आहे. इलिच कुटीला तिच्या जमिनीपासून अलग करून पाहतात. वर्ध्याजवळचे शेगाव (१९४० पासून सेवाग्राम) हे जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीचे गाव होते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेथे राहावयास आले. त्याच वर्षी त्यांना हिवताप झाला. मालगुजारी निर्मूलनाचा कायदा १९५० चा, म्हणजे आश्रमाचा सारा गांधीकाल त्या व्यवस्थेतच गेला. साधेपणाला पाय टेकण्यापुरती जागा मिळाली ती एका संपन्न मालकाच्या औदार्याने. हा आक्षेप गांधीजींवर नाही, भाषणावर आहे. मालकीचा प्रश्न वगळला की कुटी केवळ नमुना उरते, आणि नमुन्याची नक्कल सहज होते. मळेवाल्याचा बंगला पाहुण्यांसाठी सजतो. मजुरांच्या वस्तीचा इतिहास बहुधा माहितीपत्रकाबाहेरच राहतो.

शेगावात मालकाच्या जमिनीचे प्रयोजनच पालटले होते. बहुसंख्य दलित वस्तीच्या त्या गावात सफाई, औषधोपचार व पुढे नई तालीम ही कामे आश्रमाने अंगावर घेतली. आश्रमाच्या दप्तरात व्हाइसरॉयशी संपर्कासाठी बसविलेला दूरध्वनी आजही पाहावयास मिळतो. विश्रामस्थळ जगापासून तुटण्याचेच मोल आकारते, हे येथे आठवावे! जवळच साप न मारता धरून दूर सोडण्याचा लाकडी पिंजरा आणि चिमटा आहे. वऱ्हाड-नागपूरकडील शेतशिवारात झोपणाऱ्यांची ती नित्याची गरज होती.