प्रश्न कोणाचा? ‘ख्रिस्तपुराण’ आणि प्रापंचिकांचा वर्ग

रविवारी मिस्सा आटोपल्यावर पंधरा-वीस माणसं मागं थांबतात. कुणी शिक्षिका, कुणी शेतकरी, कुणी बँकेतून निवृत्त. परीक्षा नाही, पदवी नाही; आपण मानतो ते नीट समजून घ्यायचं, एवढाच हेतू. प्रापंचिकांचे असे ईशज्ञानाचे वर्ग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचे, म्हणजे १९६२-६५ नंतरचे, असं आपण धरून चालतो. परिषदेनं त्यांना बळ दिलं हे खरंच आहे. पण अशा वर्गाचं एक चित्र मराठीत चारशे वर्षांपूर्वीच आलं आहे, आणि त्याच्याकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल इथं रोमन लिपीत छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या. शाळेत आपण त्यातली मराठीची स्तुती तेवढी पाठ केली. हे पुराण निघालं कशातून, ते मात्र बाजूलाच राहिलं.

आरंभीचा प्रसंग बघा. साष्टीत पाद्री मुलांना ख्रिस्ती सिद्धांत शिकवतो आहे. ऐकणाऱ्यांतला एक ब्राह्मण म्हणतो, शिकवण चांगली आहे. पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरं पुराण का देत नाही? प्रसंग असाच घडला, की ही कवीची योजना, हा वाद तूर्त राहू द्या. ग्रंथकार आपल्या ग्रंथाचं श्रेय ऐकणाऱ्याच्या प्रश्नाला देतो, हे महत्त्वाचं.

स्टीफन्सचं दुसरं पुस्तक कोंकणीतलं. त्यांच्या निधनानंतर, १६२२ मध्ये निघालेलं, प्रश्नोत्तररूपी. तिथं उत्तर ठरलेलं, आणि प्रश्नसुद्धा ठरलेला! शिकणाऱ्यानं पाठ करायचं. पुराणात मात्र श्रोते मध्येच शंका काढतात आणि पाद्री-गुरूला थांबून उत्तर द्यावं लागतं. माझ्या मते पाठांतर आणि ईशज्ञान यांतला फरक इथंच आहे. अकराव्या शतकात अन्सेल्मनं समजून घेऊ पाहणाऱ्या श्रद्धेची गोष्ट केली. समजून घेणं आलं म्हणजे प्रश्न आला. आणि तो माझा स्वतःचा असावा लागतो, पुस्तकानं हातात दिलेला नव्हे.

त्या प्रश्नानं शिकवणाऱ्यालाही बदलावं लागलं. ओवी घ्यावी लागली. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ म्हणावं लागलं. आता शब्द काही रिकामं भांडं नसतो. ‘वैकुंठ’ म्हटलं की विष्णू आठवणारच. मग नुसता वेष बदलला की आशयही थोडा हलला? ह्याचं उत्तर मी देणार नाही. वर्गात खरी चर्चा व्हावी ती ह्याची.

पण कौतुकाला इथं एक मर्यादा आहे. तो ब्राह्मण पुराण मागतो, कारण त्याची पुराणं बंद केलेली आहेत. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून होतं. ‘आम्हांला दुसरं द्या’ असं त्या वर्गात म्हणता येत होतं. ‘आमचं बंद करण्याचा अधिकार तुम्हांला कुणी दिला?’ हे विचारता येत होतं का? ग्रंथ गोड आहे, म्हणून ही गोष्ट झाकायची नाही.

आजच्या वर्गांनाही मी हीच कसोटी लावतो. अनेक ठिकाणी पन्नास मिनिटं व्याख्यान आणि शेवटी दहा मिनिटं शंकासमाधान असतं. वक्त्याची तयारी उत्तम असते, माहितीही अचूक असते. पण मुलाच्या मृत्यूनंतर आई विचारते, ‘माझी प्रार्थना ऐकली नाही का?’, किंवा एखादी बाई विचारते, ‘वेदीवर आम्ही का नाही?’, तेव्हा ‘हे विषयाबाहेरचं आहे’ असं म्हटलं जातं. तिथं वर्ग संपला, असं मी समजतो. मग घड्याळात किती का वाजले असेनात.

एखाद्या वर्गाची पारख करायची असेल, तर तिथं काय शिकवतात हे नंतर विचारा. आधी एवढं बघा की तिथं कोणता प्रश्न विचारता येत नाही, आणि गेल्या वर्षभरात कुणाच्या प्रश्नामुळे शिकवणाऱ्याला आपली मांडणी बदलावी लागली.