शिकवावे की खेळू द्यावे?

‘खेळू दे, शिकेल हळूहळू’ आणि ‘नुसते खेळून काय शिकणार?’ ही दोन्ही वाक्ये बालवाडीच्या दारात रोज ऐकू येतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन गॉपनिक यांचे ‘द गार्डनर अँड द कार्पेंटर’ (२०१६) हे पुस्तक पहिल्या बाजूचे आहे. सुतार लाकडाला आधी ठरवलेला आकार देतो. माळी माती-पाणी सांभाळतो आणि रोप आपल्या परीने वाढते. मोठ्यांनी माळी व्हावे, असे लेखिका सांगतात.

पुस्तक वाचनीय आहे. प्रत्येक मुद्द्यामागे प्रयोग आहे, हे त्याचे बळ. पण त्यातलाच एक प्रयोग आम्हांला उपमेच्या पुढे नेणारा वाटतो.

एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना नळ्यांचे एक खेळणे दिले. त्यात चार गमती होत्या : एक नळी ओढली की चूं आवाज येई, शिवाय दिवा, सूर आणि आरसा दडवलेले होते. काही मुलांना ‘हे खेळणे असे चालते, बघ’ म्हणून आवाज काढून दाखवला. ही मुले तोच आवाज पुन्हा पुन्हा काढत राहिली. ज्यांच्यासमोर आवाज जणू चुकून निघाला, त्यांनी इतर गमती अधिक शोधल्या.

म्हणजे शिकवणे वाईट? तसे नव्हे. काही मुलांना तसेच दाखवायला सुरुवात करून बाई मध्येच काम आठवल्याचे सांगून उठल्या. ती मुलेही शोधत राहिली. मुलाचा तर्क सरळ आहे : बाईंना सारे माहीत आहे, त्यांनी एकच दाखवले, म्हणजे एकच असणार. आपण न सांगितलेलेही मूल शिकते, ते असे.

म्हणून माळी की सुतार, ही निवड शिक्षकाला अपुरी पडते. अक्षराचा उच्चार मूल खेळून शोधणार नाही; तो सांगावाच लागतो. उलट भिंग देताना ‘यातून अक्षर मोठे दिसते’ एवढेच सांगून थांबलो, तर मुलांचे पाहणेही तिथेच थांबण्याचा संभव आहे. ‘हे एक झाले, आणखी काय काय होते, तुम्ही पाहा’, एवढे वाक्य जोडायला वेळ लागत नाही, साहित्य लागत नाही. आपण ते जोडतो का, हे मात्र उद्याच्या तासाला पाहण्याजोगे आहे.