प्रश्न फक्त आईलाच का?

‘आई नोकरीला गेली की मूल मागे पडतं’ म्हणणारे ब्रूक्स-गन, हान आणि वाल्डफोगेल यांचा २००२ चा अमेरिकी शोधनिबंध पुढे करतात. बाळाच्या नवव्या महिन्यापर्यंत कामावर रुजू झालेल्या आयांच्या मुलांना तिसऱ्या वर्षीच्या चाचणीत थोडे कमी गुण मिळाले, हे खरं. पण याच तिघींनी २०१० मध्ये सातव्या वर्षापर्यंतचा हिशेब मांडला. घरात आलेला पगार आणि चांगलं पाळणाघर जमेस धरलं, तर एकूण तोटा उरला नाही. हा भाग कुणी सांगत नाही. तिथे १९९३ च्या केंद्रीय कायद्याने मिळते १२ आठवड्यांची रजा, तीही बिनपगारी. मग परीक्षा आईची घ्यायची, की या कायद्याची?